सभागृहाचे भाडे कोणी भरायचे? टेबलटॉप खेळांच्या संमेलनांचा इतिहास

१/
२४ ऑगस्ट १९६८. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील वेलींनी वेढलेल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये त्या शनिवारी टेबलांवर नकाशे पसरले होते, चिमुकल्या सैनिकांच्या पलटणी उभ्या होत्या आणि फासे घरंगळत होते. सभागृहाचे दिवसाचे भाडे ५० डॉलर आणि प्रवेशशुल्क १ डॉलर होते. सुमारे शंभर माणसे आली. भाडे कसेबसे सुटले.

२/
हेच ते पहिले ‘जेन कॉन’. २०२३ मध्ये याच संमेलनाला ७० हजारांहून अधिक लोक आले. या दोन आकड्यांच्या मधल्या पंचावन्न वर्षांचा इतिहास सहसा खेळांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु त्याला एक दुसरी बाजू आहे. सभागृहाचे भाडे कोणी भरायचे, तोटा झाला तर तो कोणी सोसायचा आणि टेबलावर बसून नवख्याला खेळ कोणी शिकवायचा? हौशी मंडळे, कंपन्या आणि व्यापारी संघटना यांनी या प्रश्नांना निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा हा धागा.

३/
पार्श्वभूमी बाल्टिमोरची. चार्ल्स रॉबर्ट्स या तरुणाने १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा पटावरील युद्धखेळ स्वतःच छापून विकला आणि १९५८ मध्ये ‘ॲव्हलॉन हिल’ ही कंपनी काढली. खेळ विकले जाऊ लागले, पण एक अडचण होती. तासन्‌तास चालणारा हा खेळ खेळायला प्रतिस्पर्धी मिळेना. गावात असा छंद असलेला बहुधा एकच माणूस असे. १९६४ मध्ये कंपनीने ‘द जनरल’ हे नियतकालिक सुरू केले. त्यातील ‘प्रतिस्पर्धी पाहिजे’ अशा जाहिरातींनी विखुरलेले खेळाडू एकमेकांना सापडू लागले.

४/
पत्रांतून ओळखी वाढल्या आणि ओळखींतून मंडळे उभी राहिली. ‘इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ वॉरगेमिंग’ हे त्यांतील एक. नाव भारदस्त असले, तरी प्रत्यक्षात ही टपालाने चालणारी हौशी मंडळींची संघटना होती. शिकागोतील एका विमा कंपनीत नोकरी करणारा गॅरी गायगॅक्स हा तिच्या उत्साही सभासदांपैकी एक. १९६७ मध्ये त्याने लेक जिनीव्हातील आपल्या घरी वीसएक जणांना खेळायला बोलावले. घर अपुरे पडले, म्हणून पुढच्या वर्षी सभागृह भाड्याने घ्यावे लागले.

५/
नावातही थट्टा होती. युद्धकाळातील वर्तनाचे नियम ठरवणारा जिनीव्हा करार इंग्रजीत ‘जिनीव्हा कन्व्हेन्शन’ म्हणून ओळखला जातो, आणि कन्व्हेन्शन म्हणजे संमेलनही. युद्धखेळांचे संमेलन, तेही लेक जिनीव्हात! त्याचेच संक्षिप्त रूप ‘जेन कॉन’. या पहिल्या संमेलनात पगारी माणूस कोणी नव्हता. मांडणारे, शिकवणारे, खेळणारे आणि शेवटी आवराआवर करणारे लोक तेच होते. तोटा झाला असता, तर तो खिशातूनच भरावा लागला असता.

६/
अशा मेळाव्यांतून काय घडू शकते, हे लवकरच दिसले. १९६९ च्या जेन कॉनमध्ये गायगॅक्सची भेट डेव्ह आर्नेसन या मिनेसोटातील विद्यार्थ्याशी झाली. त्या ओळखीतूनच पुढे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ जन्मला. जानेवारी १९७४ मध्ये त्याच्या पहिल्या १,००० प्रती निघाल्या. छापणारी कंपनी होती ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’, म्हणजेच टीएसआर. ती गायगॅक्सने आपला बालमित्र डॉन के याच्यासह १९७३ मध्ये स्थापली होती. भूमिकाखेळांचा सारा व्यवसाय अशा रीतीने एका हौशी मेळाव्याचा ऋणी आहे.

७/
दरम्यान टपालावर चालणारी ती फेडरेशन क्षीण होत गेली. संमेलनाचा भार लेक जिनीव्हातील स्थानिक मंडळाने उचलला, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर तो टीएसआरकडे गेला. हे संक्रमण कटुतेचे नव्हते, कारण मंडळातली आणि कंपनीतली माणसे बरीचशी एकच होती. तथापि एक गोष्ट बदलली होती. काल जो मेळावा खेळाडूंचा होता, तो आज एका प्रकाशकाच्या मालकीचा झाला. त्याच्या दालनांत टीएसआरचे प्रतिस्पर्धीही आपला माल मांडू लागले. म्हणजे घरमालक आणि गाळेधारक एकाच धंद्यातले!

८/
बाल्टिमोरने वेगळी वाट धरली. जुलै १९७५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आवारात ‘ओरिजिन्स’ हे संमेलन भरले. ते स्थानिक खेळाडूंच्या मंडळाने आणि ॲव्हलॉन हिलने मिळून उभे केले होते. या छंदाचा अमेरिकेतील उगम बाल्टिमोरमध्ये झाला, असा त्या नावातील दावा. मात्र ते एकाच शहराला किंवा कंपनीला बांधले गेले नाही. १९७७ मध्ये ॲव्हलॉन हिलची न्यूयॉर्कमधील मोठी प्रतिस्पर्धी एसपीआय हिने ते स्टेटन आयलंडवर भरवले, तर १९७८ मध्ये मेट्रो डेट्रॉइट गेमर्स या हौशी मंडळाने ॲन आर्बर येथे.

९/
फिरत्या संमेलनाला सातत्य कोण देणार? दरवर्षी नवे यजमान, नवी जागा, नवा हिशेब. शिवाय प्रतिस्पर्धी कंपन्यांना एकमेकींच्या हाती सूत्रे देताना संकोच होताच. याच गरजेतून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘गेम मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन’, म्हणजेच ‘गामा’, ही व्यापारी संघटना आकाराला आली. बाजारात भांडणारे उत्पादक सभेत शेजारी बसू लागले. ओरिजिन्स कोणा एकाच्या मालकीचे न राहता साऱ्या व्यवसायाचे सामाईक व्यासपीठ व्हावे, हा तिचा मूळ हेतू.

१०/
कालांतराने गामाचे काम वाढले. खेळाडूंसाठीच्या ओरिजिन्सबरोबर तिने दुकानदारांसाठी वेगळा व्यापारी मेळावा सुरू केला. तो अनेक वर्षे लास वेगासमध्ये भरत असे. तेथे सर्वसामान्य ग्राहकाला प्रवेश नसतो. उत्पादक, वितरक आणि किरकोळ विक्रेते येत्या हंगामाचा सौदा करतात. भूमिका स्पष्ट विभागल्या गेल्या. धंद्याची बोलणी एका ठिकाणी, खेळाचा उत्सव दुसऱ्या ठिकाणी. १९९६ पासून ओरिजिन्स ओहायो राज्यातील कोलंबस शहरात स्थिरावले आहे.

११/
जेन कॉनही वाढतच होते. १९७८ मध्ये ते लेक जिनीव्हा सोडून केनोशाजवळील विस्कॉन्सिन-पार्कसाइड विद्यापीठात गेले, आणि १९८५ मध्ये मिलवॉकीच्या अधिवेशन केंद्रात. प्रकाशकाचे जेन कॉन आणि संघटनेचे ओरिजिन्स ही परस्परांची स्पर्धक संमेलने. तरीही १९८८ मध्ये दोन्ही मिलवॉकीत एकत्र भरली. १९९२ मध्ये तसाच प्रयोग पुन्हा झाला. दोन निराळ्या व्यवस्था एका छताखाली नांदू शकल्या, कारण तळाशी त्यांचे यंत्र एकच होते. ते यंत्र समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही.

१२/
ते यंत्र म्हणजे एक टेबल. संमेलनाच्या कित्येक महिने आधी एखादा हौशी खेळाडू कळवतो की तो अमुक खेळ, अमुक वेळी, सहा जणांसाठी, चार तास चालवील. आयोजक अशा हजारो प्रस्तावांना दिवस, वेळ आणि टेबल नेमून देतात. मग वेळापत्रक प्रसिद्ध होते आणि खेळाडू जागा राखून ठेवतात. सभागृह, वीज, सुरक्षा, विमा या गोष्टी पैशाने मिळतात. परंतु ठरल्या वेळी, नियमांचे पुस्तक काखेत घेऊन त्या टेबलापाशी हजर राहणारा माणूस बहुधा स्वखुशीने आलेला असतो.

१३/
भूमिकाखेळात या माणसाचे महत्त्व आणखी मोठे. तो सूत्रधार असतो. कथा सांगतो, राक्षसांची बाजू खेळतो, नियमांचा निवाडा करतो. १९७५ च्या पहिल्या ओरिजिन्समधील स्पर्धेसाठी गायगॅक्सने ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस रचले. तेच साहस अनेक टेबलांवर चालवायचे, तर प्रत्येक टेबलाला सूत्रधार हवा, आणि साऱ्यांचा न्याय सारखा हवा. १९८० मध्ये टीएसआरने ‘रोल प्लेइंग गेम असोसिएशन’ स्थापून सभासदांचे जाळे उभारले. तिने सूत्रधारांना दर्जे दिले आणि संमेलनांना तयार साहसे पुरवली. कंपनीने हौसेला शिस्त लावली, पण खेळ चालवणारे हौशीच राहिले.

१४/
कोलंबसमध्येही हेच चित्र दिसते. ओरिजिन्स गामाचे असले, तरी तेथील ‘बोर्ड रूम’ हे दालन अनेक वर्षे कोलंबस एरिया बोर्डगेमिंग सोसायटी या स्थानिक मंडळाने चालवले. मंडळ आपला खेळांचा प्रचंड संग्रह घेऊन येते. पाहुण्याने एखादा खेळ मागून घ्यावा, खेळावा, परत करावा. पेटीतील सोंगट्या मोजणारे, नियम समजावणारे सारे सभासदच. व्यापारी संघटनेच्या घरात खेळाडूंच्या मंडळाने थाटलेला हा वेगळा संसार आहे.

१५/
या श्रमांचा मोबदला काय? बहुतेक संमेलनांत ठरावीक तास खेळ चालवणाऱ्याला प्रवेशिका मोफत मिळते किंवा तिचे पैसे परत होतात. काही ठिकाणी निवासाची सोय होते. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. १९३८ च्या अमेरिकी श्रममानक कायद्यानुसार नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी व्यवसायाला विनावेतन काम ‘स्वयंसेवा’ म्हणून सहजी घेता येत नाही. २०१६ मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील काही पंचांनी, आपणांस कर्मचारी मानावे, असा दावा त्या खेळाच्या प्रकाशकावर कॅलिफोर्नियात दाखल केला.

१६/
त्या दाव्यामागील प्रश्न कायद्यापुरता नव्हता. मित्रांसाठी टेबल लावणे ही हौस. परंतु त्याच टेबलावर एका कंपनीचा खेळ शिकवला जातो, शेजारच्या गाळ्यात तो विकला जातो आणि नफा त्या कंपनीकडे जातो. मग तेच काम जाहिरात ठरते की सेवा? १९६८ मध्ये हा प्रश्न संभवतच नव्हता, कारण वाटून घ्यायला नफाच नव्हता. संमेलन जितके यशस्वी, तितका हा प्रश्न टोकदार.

१७/
मालकी डळमळली की या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. त्याचे ठळक उदाहरण पुन्हा बाल्टिमोरकडचे. ॲव्हलॉन हिलने १९९१ पासून ‘ॲव्हलॉनकॉन’ हे स्वतःचे स्पर्धासंमेलन चालवले. १९९८ मध्ये कंपनीचे खेळ हॅस्ब्रोला विकले गेले आणि बाल्टिमोरचे कार्यालय बंद झाले. कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. भाडे भरणारा धनीच उरला नाही. संमेलन संपले, असेच कोणालाही वाटले असते.

१८/
पण स्पर्धा चालवणारे सूत्रधार होते तेथेच होते. कंपनीत अनेक वर्षे काम केलेल्या आणि पहिल्या ओरिजिन्सच्या उभारणीतही असलेल्या डॉन ग्रीनवुड यांच्याभोवती ही मंडळी एकत्र आली. ‘बोर्डगेम प्लेयर्स असोसिएशन’ ही सभासदांची, ना-नफा संस्था निघाली. १९९९ मध्ये तिने ‘वर्ल्ड बोर्डगेमिंग चॅम्पियनशिप्स’ भरवली. सभासदांच्या वर्गणीतून भाडे निघाले. प्रत्येक खेळाच्या स्पर्धेला एक स्वयंसेवक सूत्रधार नेमला गेला. १९६८ चीच रीत तीस वर्षांनी पुन्हा अवतरली होती, फक्त हिशेब अधिक काटेकोर होता.

१९/
जेन कॉनचे मालक तर वारंवार बदलले. कर्जात बुडालेली टीएसआर १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने घेतली. हीच ती कंपनी, जिच्या ‘मॅजिक’ने १९९३ च्या मिलवॉकीतील जेन कॉनमध्ये खळबळ उडवली होती. १९९९ मध्ये विझार्ड्सच हॅस्ब्रोच्या ताब्यात गेली. २००२ मध्ये विझार्ड्सचे संस्थापक पीटर ॲडकिसन यांनी जेन कॉन हॅस्ब्रोकडून विकत घेतले, आणि २००३ मध्ये ते इंडियानापोलिसला गेले. आता मालक प्रकाशक नव्हता. संमेलन भरवणे हाच त्याचा धंदा होता.

२०/
तो धंदाही निसरडा निघाला. बाहेरच्या परवान्यांवर इतर कार्यक्रम घेऊन विस्तार करण्याच्या प्रयत्नात खर्च हाताबाहेर गेला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये जेन कॉनच्या कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाचे संरक्षण मागितले. काही आठवड्यांतच, ४ मार्च रोजी, गायगॅक्स यांचे लेक जिनीव्हात निधन झाले. संस्थापक गेला, कंपनी न्यायालयात. तरीही त्या ऑगस्टमध्ये जेन कॉन भरले. सूत्रधार आले, टेबले लागली, फासे पडले. जानेवारी २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली.

२१/
अटलांटिकपलीकडे जर्मनीत तिसरीच रीत रुजली. १९८३ मध्ये ‘श्पीलबॉक्स’ या खेळविषयक नियतकालिकाच्या वाचकांचा मेळावा एसेन शहरातील प्रौढशिक्षण केंद्रात भरला. आयोजक होते प्रकाशक फ्रीडहेल्म मेर्झ. लवकरच तो मेळावा शहराच्या प्रदर्शनसंकुलात गेला. ‘श्पील’ या नावाने तो जगातील सर्वांत मोठ्या खेळमेळ्यांपैकी एक झाला. ज्या वर्षांत त्या शहरातील अखेरची कोळसाखाण, त्सोलफराइन, बंद पडत होती, त्याच वर्षांत एसेनला खेळाचे शहर ही नवी ओळख मिळत होती. २०१९ मध्ये तेथे २ लाख ९ हजार लोक आले.

२२/
एसेनमध्ये सारा भर प्रकाशकांच्या गाळ्यांवर. टेबल गाळ्यातच असते. खेळ समजावणारा माणूस प्रकाशकाचा असतो, आणि आवडला तर खेळ तेथेच विकत मिळतो. मेळा दीर्घकाळ मेर्झ यांच्या प्रकाशनसंस्थेकडेच राहिला. २०२२ मध्ये तो न्यूरेंबर्गच्या ‘श्पीलवारेनमेसे’कडे गेला. ही खेळणी-व्यवसायाची सहकारी संस्था १९५० पासून खेळण्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारमेळा भरवत आली आहे. म्हणजे वाचकांच्या स्नेहमेळाव्यातून निघालेली ही वाटही अखेर व्यापाऱ्यांच्या सामाईक संस्थेपाशी पोहोचली.

२३/
आकार वाढला, तसे वजनही वाढले. २०१५ मध्ये इंडियाना राज्यात धर्मस्वातंत्र्याच्या नावाने एक कायदा येऊ घातला. त्याने समलिंगी व्यक्तींशी भेदभाव करण्यास मुभा मिळेल, अशी टीका झाली. जेन कॉनच्या मुख्याधिकाऱ्यांनी राज्यपालांना पत्र लिहून संमेलन अन्यत्र नेण्याचा विचार करावा लागेल, असे बजावले. शहराला या संमेलनातून वर्षाला ५ कोटी डॉलरांहून अधिक लाभ होतो, हेही त्यात नमूद होते. देशभर उठलेल्या विरोधानंतर कायद्यात दुरुस्ती झाली. ५० डॉलरांचे भाडे जेमतेम काढणारे संमेलन आता राज्यपालांशी बोलू शकत होते.

२४/
मात्र हे वजन नेमके कोणाच्या बळावर आहे, हे जून २०२० मध्ये उघड झाले. महासाथीमुळे गामाने ओरिजिन्स ऑनलाइन घेण्याचे ठरवले होते. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर देशभर वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन पेटले असता संघटनेने त्याविषयी मौन पाळले. निषेध म्हणून अनेक निमंत्रितांनी आणि खेळकर्त्यांनी माघार घेतली. अखेर गामाने क्षमा मागितली आणि कार्यक्रम रद्द केला. संघटना होती, निधी होता, वेळापत्रक होते. टेबलापाशी बसणारी माणसे उठून गेली आणि संमेलन उरले नाही.

२५/
२००८ आणि २०२० ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात मालक कोसळला, पण माणसे आली, म्हणून संमेलन झाले. दुसऱ्यात मालक शाबूत होता, पण माणसे निघून गेली, म्हणून ते झाले नाही. यावरून व्यापारी संघटना निरुपयोगी ठरत नाहीत. शंभरांचा मेळावा हौसेवर चालतो, ७० हजारांचा चालत नाही. विमा, करार, आगीपासून सुरक्षा, दिव्यांगांची सोय यांची जबाबदारी घेणारी संस्था लागतेच, आणि तोटा पचवण्याची ताकदही लागते.

२६/
हॉर्टिकल्चरल हॉलमधील त्या शनिवारी भाडे भरणारा आणि टेबल मांडणारा माणूस एकच होता. पुढे ते दोघे वेगळे झाले, आणि हे वेगळे होणे अटळच होते. पहिल्याने दुसऱ्याला गृहीत धरले की काय होते, हे ओरिजिन्सने दाखवले. दुसऱ्याने वर्गणी काढून पहिल्याचीही जागा घेतली की काय होते, हे बाल्टिमोरच्या मंडळींनी दाखवले. या उन्हाळ्यातही कोठेतरी एखादा सूत्रधार ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचेल, सहा खुर्च्या सरळ करील आणि अनोळखी माणसांची वाट पाहत बसेल. सभागृहाचे भाडे त्याच्यासाठीच भरलेले असते.

(धागा समाप्त)